दुरून जाणलेली ओल

शिवालिकच्या पायथ्याशी, मुल्लानपूरच्या शिवारात, जिथे नव्या वसाहतीच्या आखणीने कित्येक शेतांचे भूखंड झाले, तिथल्या उरलेल्या एखाद्या गव्हाच्या रानावरून विमान गेले आणि त्यातील रडारने मातीची ओल सांगितली, तर ते ज्ञान प्रत्यक्ष मानावे की अनुमान? निसार हा रडारवाहक उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावला. त्याच्या पूर्वतयारीत ‘इस्रो’ने एल आणि एस या दोन लहरीपट्ट्यांचे रडार विमानात बसवून उडवले होते. रडारला पाणी दिसत नाही. कोरड्या मातीचा विद्युत्-स्थिरांक तीन-चारच्या घरात आणि पाण्याचा ऐंशीच्या आसपास असल्यामुळे ओली जमीन लहरी अधिक जोमाने परतवते, आणि त्या परतीवरून ओलीचा तर्क बांधला जातो.

न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, अशा तर्काचे वर्म फार पूर्वी ओळखले होते. अग्नी असेल तिथे धूर असतोच असे म्हणता येत नाही, कारण धुरास ओले सरपण लागते. या आड येणाऱ्या अटीस त्यांनी उपाधी म्हटले. नांगरटीची ढेकळे आणि उभे पीक या रडारच्या उपाधी होत, कारण खडबडीत जमीनही लहरी जोराने परतवते. तेव्हा दप्तरात उतरलेला आकडा उपाधी निरसल्याविना प्रमाण मानणे मला अधर्म्य वाटते, विशेषतः त्यावर कुणाच्या पाण्याचा हिस्सा ठरणार असेल तेव्हा. मात्र मूठभर माती दाबून पाहणारा शेतकरीही मुळांपाशी असलेली ओल अनुमानानेच जाणतो, आणि रडारची पोच तर बहुधा वरच्या काही बोटांपुरतीच असते.