स्वभाव, प्रज्ञापराध आणि पूररेषा

माणसाला पुढचा विचार का सुचत नाही, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या स्वभावप्रकारात शोधण्याची रीत जुनी आहे. स्विस मनोवैज्ञानिक कार्ल युंग यांनी 1921 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विचार, भावना, संवेदन आणि अंतःस्फूर्ती या मनाच्या चार वृत्ती मानल्या व जी प्रबळ होते तिची विरुद्ध वृत्ती अविकसित राहते, असे प्रतिपादन केले. त्यानुसार संवेदनप्रधान माणसाला समोरचे वास्तव लख्ख दिसते, पण त्यातून उद्या काय उद्भवेल हे दिसत नाही. उलट अंतःस्फूर्तीने चालणाऱ्याला दूरच्या शक्यता दिसतात, मात्र हातचे काम तडीस जाण्याआधीच त्याचे मन दुसरीकडे धावते. पुढे कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी याच पायावर सोळा प्रकारांची चाचणी रचली. हे वर्णन मार्मिक आहे, पण उणीव एकदा प्रकाराचाच भाग ठरली की तिची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तसाच राहतो.

भारतीय परंपरेत हा प्रश्न अधिक खोलवर गेला आहे. सांख्यदर्शनातील सत्त्व, रज आणि तम हे गुण म्हणजे माणसांचे तीन वर्ग नव्हेत. ते प्रत्येकात कमीअधिक प्रमाणात असतात व एकमेकांवर मात करीत राहतात. गीतेच्या अठराव्या अध्यायात तर कर्ता, बुद्धी आणि कर्म यांची गुणांनुसार वेगवेगळी फोड केली आहे. अनुबंध, म्हणजे कर्मामागून येणारे परिणाम, तसेच हानी, हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य न पाहता मोहाने आरंभलेले कर्म तामस ठरते, आणि काम लांबणीवर टाकणारा दीर्घसूत्री कर्ताही तामसच. राजस कर्ता आळशी नसतो. तो फळाच्या ओढीने राबतो आणि त्या ओढीपायीच पुढचे पाहत नाही. चरकसंहितेतील प्रज्ञापराधाची कल्पना याच्या जवळची आहे: धी म्हणजे आकलन, धृती म्हणजे आवर आणि स्मृती म्हणजे अनुभवाची आठवण, ही ढळली की माणूस स्वतःला अपाय करणारे कर्म करतो.

कोल्हापूरच्या पंचगंगेकडे पाहिले असता हे विवेचन केवळ पोथीतले राहत नाही. राजाराम बंधाऱ्यावर नदीची धोका पातळी 43 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर चढले आणि 2021 च्या जुलैमध्ये त्याच्याही पुढे गेले. 2005 चा महापूर पाहिलेली पिढी तेव्हा हयात होती, पूररेषा म्हणजे काय हेही ठाऊक होते, तरी नदीच्या पात्रालगत बांधकामे वाढतच गेली. येथे आकलनाची उणीव फारशी नव्हती. जागेच्या वाढत्या भावापुढे धृती टिकली नाही आणि पाणी ओसरल्यावर स्मृतीही ओसरली. पहिला दोष रजाचा, दुसरा तमाचा, आणि एकाच शहरात, बहुधा एकाच माणसातही, दोन्ही एकत्र नांदतात.

सर्व प्राणी आपापल्या प्रकृतीप्रमाणे वागतात, तेथे निग्रह काय करणार, असा प्रश्न गीतेच्याच तिसऱ्या अध्यायात येतो, आणि ही अडचण खरी आहे. मात्र लगेच पुढच्या श्लोकात राग आणि द्वेष यांच्या अधीन न होण्याचा आदेश आहे, म्हणजे प्रकृती मान्य करूनही वळण्याला जागा ठेवलेली आहे. ती जागा किती मोठी असू शकते, हे राजर्षी शाहू महाराजांच्या उदाहरणावरून दिसते. कुस्ती आणि शिकार यांत रमणाऱ्या या राजाला प्रकारांच्या कोष्टकात बसवायचे तर संवेदनप्रधान म्हणावे लागेल, आणि दीर्घ नियोजन हे त्यांचे दुबळे अंग ठरेल. प्रत्यक्षात 1896-97 चा दुष्काळ पाहिलेल्या शाहूंनी 1907 साली भोगावतीवर राधानगरी धरणाची योजना हाती घेतली; 1922 साली त्यांचे निधन झाले तेव्हा ते काम अपुरे होते, आणि त्यानंतर काही दशकांनी ते पुरे झाले.