जिवंतपणीचे चार खांदे

जन्मांध मनुष्य दृष्टीस पडताच शिष्यांच्या मनात करुणेच्या आधी कुतूहल जागे झाले, असे संत योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय वाचताना जाणवते. त्या मनुष्याच्या अंधत्वाचे मूळ त्याच्या स्वतःच्या पापात शोधावे की त्याच्या आईवडिलांच्या, हे त्यांना प्रभू येशूकडून जाणून घ्यायचे होते. प्रभूने दोन्ही पर्याय बाजूला सारले आणि तो त्या माणसाच्या डोळ्यांकडे वळला.

दोन हजार वर्षे लोटली, तरी तो प्रश्न मेलेला नाही. चंद्रपूर व गडचिरोली या आपल्या वनप्रदेशात ज्या घरी सतत आजारी असणारे लेकरू आहे, त्या घराच्या अंगणात तो आजही विचारला जातो. शब्द तेवढे बदलतात. कोणी नजर लागल्याचे सांगतो, कोणी घराण्याचा दोष काढतो. आपल्या ख्रिस्ती परिवारांतही, बोलायला सौम्य परंतु झोंबायला तितकेच तिखट असे एक वाक्य ऐकू येते : तुमची प्रार्थना कमी पडत असेल. या प्रश्नाचा थोडा खोलवर विचार करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या भागात अशा लेकरांच्या आजाराचे एक नाव घरोघरी ठाऊक झाले आहे, ते म्हणजे सिकलसेल. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली या रोगातील रक्तपेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो आढळल्याची नोंद १९५२ सालची आहे. विदर्भात गोंड, माडिया, परधान या जमातींत आणि इतरही काही समाजांत तो दिसतो. निरोगी तांबडी पेशी गोल व लवचीक असते आणि सुमारे १२० दिवस जगते. या रोगात ती विळ्यासारखी वाकडी नि कडक होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि १० ते २० दिवसांतच नाश पावते. त्यामुळे लेकरू फिके पडते, डोळे पिवळे होतात, पांथरी सुजते, जंतुसंसर्ग चटकन होतो. आणि मधूनच हाडांतून, सांध्यांतून अशी कळ उठते की लेकराला कुशीत धरावे तरी दुखते आणि खाली ठेवावे तरी दुखते. अंगातले पाणी कमी झाले, ताप आला, थंडी बाधली, फार श्रम झाले, एवढे निमित्त पुरते. आमच्या चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो, तेव्हा अशा लेकराच्या आईला पाण्याचा तांब्या हाच जपमाळेसारखा सतत हाती ठेवावा लागतो.

त्या आईचा दिवस एकदा डोळ्यांपुढे आणावा. मार्च-एप्रिलमध्ये गाव मोहफुले वेचायला जातो, मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. वर्षभराच्या मीठमिरचीची तजवीज याच दिवसांत व्हायची असते. नेमकी तेव्हाच लेकराला कळ येते आणि तिचा हंगाम बुडतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. दूरच्या पाड्यावरून आजाऱ्याला खाटेवर घालून, खाट खांद्यावर घेऊन, चिखल तुडवत दवाखाना गाठावा लागतो. रक्त चढवायचे तर रक्त देणारा माणूस हवा. हे सारे करून ती घरी येते, तेव्हा सासर तिला विचारते : तुझ्या माहेरी कोणाला होते का ग हे?

या प्रश्नाला विज्ञानाने फार पूर्वी उत्तर दिलेले आहे. हा रोग होण्यासाठी सदोष जनुक आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्हीकडून यावे लागते. ज्याच्याकडे असे एकच जनुक आहे तो वाहक; तो सहसा निरोगी असतो आणि पुष्कळदा त्याला याची वार्ताही नसते. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी अपत्य रोगी निपजण्याची शक्यता चारात एक असते, वाहक होण्याची चारात दोन, आणि पूर्णपणे मुक्त राहण्याची चारात एक. म्हणजे एकट्या आईला बोल लावणे हे अन्यायाचे तर आहेच, पण ते असत्यही आहे. आणि असत्याच्या बळावर एखाद्या स्त्रीला घराबाहेर काढणे किंवा तिच्यावर सवत आणणे हे खऱ्या अर्थाने पाप आहे. शिष्यांनी पाप शोधले होते ते आईबापांत. पाप असलेच तर ते दोष देणाऱ्या बोटात असते.

परंतु विज्ञान येथेच थांबत नाही, आणि पुढे ते जे सांगते त्याने आम्हाला अंतर्मुख केले. हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले कसे? अँथनी अ‍ॅलिसन या डॉक्टरांनी पूर्व आफ्रिकेत केलेल्या निरीक्षणांवरून १९५४ साली दाखवून दिले की, ज्यांच्या रक्तात असे एकच जनुक असते त्यांना जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. आपले जंगल म्हणजे हिवतापाचे जुने ठाणे. महाराष्ट्रात हिवतापाने गडचिरोलीइतके दीर्घकाळ ग्रासलेला जिल्हा दुसरा क्वचितच असेल. या रानात शतकानुशतके ज्यांची बाळे हिवतापातून तगली, त्यांतील कित्येकांना हे एकच जनुक ढालीसारखे उपयोगी पडले असले पाहिजे. पण ज्या लेकराच्या वाट्याला ते दोन्हीकडून आले, त्याला मात्र ढाल मिळत नाही, ओझे मिळते. त्याला हिवताप झाला तर तो अधिकच घातक ठरतो. जे अनेकांना तारते, तेच एकाला मारू पाहते.

याचा नैतिक अर्थ काय? आमच्या अल्पमतीला तो असा दिसतो. आजारी लेकरू हे कुळाला लागलेला कलंक नाही. कुळाला लाभलेल्या संरक्षणाची किंमत त्याच्या देहातून वसूल होत आहे. तेव्हा त्याची शुश्रूषा करणाऱ्या आईला आपण जी मदत करतो तिला दया म्हणता येणार नाही. ते ऋण आहे. दयेचे दान द्यावेसे वाटले तर माणूस देतो. ऋण मात्र फेडावेच लागते.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. हे लेकरू इतरांसाठी क्रूस वाहत आहे, असे म्हणून आपण हात जोडून मोकळे होऊ शकतो. प्रभू येशूने आपला क्रूस स्वेच्छेने उचलला. लेकराला कोणी विचारले नव्हते. त्याच्या वेदनेला पवित्र म्हणून जर आपण औषध आणण्यात दिरंगाई केली, तर ती भक्ती नसून आळस आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर एक पत्र लिहिले. दुःखाच्या गूढाचे इतके सखोल चिंतन केल्यावर ते अखेरीस वळतात ते चांगल्या शोमरोनी माणसाकडे. दुःखाचा अर्थ शोधणाऱ्याने वाटेवर पडलेल्याजवळ थांबावे, जखमेवर तेल ओतावे आणि खाणावळीचा खर्चही सोसावा, हाच त्याचा बोध.

आमच्याकडे येणारे आईबाप पुष्कळदा खालच्या आवाजात एक गोष्ट सांगतात : फादर, आता प्रार्थना होत नाही. रात्र रात्र जागून लेकराचे पाय चोळणाऱ्या माणसाला असे वाटले तर त्यात नवल नाही. संत मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाला घेऊन आलेल्या बापाने प्रभूपुढे आपला अर्धामुर्धा विश्वास आणि उरलेला अविश्वास अशी दोन्ही ओंजळी रित्या केल्या, आणि प्रभूने त्याला परत पाठवले नाही. त्याच शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती मनुष्याला चौघांनी उचलून आणले, छप्पर उघडून त्याची खाट खाली सोडली. तेथे संत मार्क लिहितात की प्रभूने त्यांचा, म्हणजे आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला. आम्हाला हे फार मोठे आश्वासन वाटते. एखाद्याचा विश्वास थकला तर काही काळ दुसऱ्यांनी तो त्याच्या वतीने वाहून न्यावा, याला शुभवर्तमानाची मान्यता आहे. खाटेवर जसे शरीर वाहता येते, तसा विश्वासही वाहता येतो.

आपल्या मराठीत चार खांद्यांचा अर्थ वेगळाच आहे. मेल्यावर चार खांदे मिळावेत, एवढीच गरिबाची इच्छा असते, आणि आपले गाव ती बहुधा पुरवतेही. शेजारी भांडण विसरून येतो, नातलग काम टाकून धावतो. मग आमचा प्रश्न असा की जे खांदे मरणानंतर विनासायास जमतात, ते जिवंतपणी का जमू नयेत?

पहिला खांदा बापाचा. औषधपाण्याचे सर्व काम आईवर टाकून जो निव्वळ पैसे आणून देतो, त्याने अर्धीच खाट उचलली. दुसरा खांदा आप्तांचा. आजारी लेकराच्या निरोगी भावंडांना महिनाभर आपल्या घरी ठेवून घेणे, हंगामात एक दिवस त्या घरासाठी पाने तोडणे, याने जे होते ते सांत्वनाच्या शंभर शब्दांनी होत नाही. तिसरा खांदा धर्मग्रामाचा. चांदा धर्मप्रांताची वाटचाल १९६२ साली सुरू झाली. त्यात जंगलातील घरे आहेत तशी बल्लारपूरच्या कागद गिरणीच्या आणि कोळसा खाणींच्या नोकरीनिमित्त आलेली घरेही आहेत. यांतील काहींना वाटेल, हा रोग आमच्यात नाही. पण त्या गिरणीत याच जंगलातला बांबू गेला आणि तो तोडणारे हातही बरेचसे याच जंगलातले होते. शिवाय ख्रिस्तशरीरात एका अवयवाचे दुखणे दुसऱ्याला परके नसते. धर्मग्रामातील तरुणांनी आपले रक्तगट नोंदवून ठेवावेत आणि निरोप येताच रक्त द्यायला निघावे, एवढे तरी आपल्याला निश्चित करता येईल.

चौथा खांदा शासनाचा. दिव्यांग व्यक्तींच्या २०१६ च्या अधिकार कायद्यात सिकलसेलचा समावेश झालेला आहे, आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिच्या अंतर्गत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी योजलेली आहे. परंतु दाखला काढायला कार्यालयाच्या पायऱ्या कोण चढणार? जो लिहू-वाचू शकतो त्याने एका घराचे कागद पूर्ण करून दिले, तर तीही खाट उचलण्याचीच एक रीत आहे.

प्रार्थना की औषध, असा वाद आपल्यात कधीकधी घातला जातो. बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखायला सांगतो, कारण त्याची विद्याही देवाकडूनच आलेली आहे. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने कळा येण्याचे प्रमाण पुष्कळांत कमी होते. मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्यावी लागते. प्रार्थनासभेत कोणी बरे झाल्याचे सांगितले म्हणून ती बंद करणे म्हणजे देवाने एका हाताने दिलेले त्याच्या दुसऱ्या हातावर टाकून देणे होय. रुग्णाभ्यंगाचा संस्कार घ्यावा आणि गोळीही घ्यावी.

राहिला विवाहाचा प्रश्न. लग्न ठरण्यापूर्वी वधूवरांनी रक्ततपासणी करून घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. दोघांपैकी एकच वाहक असेल आणि जोडीदारात हा किंवा यासारखा दुसरा रक्तदोष नसेल, तर अपत्याला हा रोग होत नाही. तेव्हा वाहक मुलगी नाकारण्याचे कारण उरत नाही. दोघेही वाहक असतील तर त्यांनी जे ठरवायचे ते डोळे उघडे ठेवून ठरवावे. आणि उदरात आलेल्या जिवाबद्दल ख्रिस्तसभेची शिकवण आपण सर्व जाणतो. तो जीव पवित्र आहे, त्याला जगू दिले पाहिजे. मात्र ज्या व्यासपीठावरून आम्ही हे सांगतो, त्या व्यासपीठावरून उतरून त्या लेकराच्या खाटेचा एक कोपरा उचलणे आम्हाला बंधनकारक आहे. नाहीतर आमची शिकवण म्हणजे दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलेले ओझे, आणि अशा ओझ्यांविषयी प्रभू शास्त्री-परुशी लोकांना काय बोलला, हे शुभवर्तमान वाचणाऱ्यांना सांगायला नको.

लेकराची कळ आपल्याला स्वतःच्या अंगावर घेता येत नाही. आई ते रोज देवाजवळ मागते आणि तिलाही ते मिळत नाही. पण खाटेला चार कोपरे असतात, आणि आपल्या धर्मग्रामातल्या कितीतरी घरांत त्यांतला एकच कोपरा धरून एक बाई एकटीच चालते आहे. उरलेले तीन कोपरे रिकामे आहेत. ते कोणाच्या पापामुळे, हा प्रश्न मात्र आपण आता स्वतःला विचारायला हरकत नाही.