बावटा लागल्यावर दैव किती उरते?

डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात कोकणातल्या बंदरांवर धोक्याचे बावटे चढले होते. ओखी चक्रीवादळ कन्याकुमारी आणि केरळला झोडपून अरबी समुद्रातून उत्तरेकडे सरकत होते. अशा वेळी हवामान खात्याच्या पत्रकातली वाक्ये ठरलेली असतात. वाऱ्याचा जोर वाढेल, समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.

हे पत्रक निघते देवगड-मालवणच्या तांडेलांसाठी. पण सह्याद्रीच्या अलीकडे त्यावर डोळा ठेवून बसलेला आणखी एक वर्ग आहे, आणि त्याने जन्मात कधी वल्हे हातात धरलेले नसते. तो म्हणजे तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळचा द्राक्षबागाईतदार. ऑक्टोबरात फळछाटणी उरकलेली असते. कार्तिक-मार्गशीर्षात बाग फुलोऱ्यात असते किंवा मणी धरायच्या बेतात असते. नेमके तेव्हा अरबी समुद्रात काही शिजले तर घाटमाथ्यावरून ढग उतरायला वेळ लागत नाही. नुसती थंडी पडली तर वेल आखडते, वाढ मंदावते. ते निभावून नेता येते. थंडीवाऱ्यात पाऊस आला आणि पाने-घड ओले राहिले, की डाऊनी रोग आणि घडकूज. वर्षाचा खर्च दोन रात्रींत मातीत. मग पारावर, दुकानात, सोसायटीच्या पायरीवर एकच शब्द ऐकू येतो: दैव.

पण तो पाऊस सांगून आलेला असतो. चार दिवस आधी पत्रक निघाले, मोबाइलवर ‘यलो अलर्ट’ झळकला, कृषी सल्ला आला. जे आधी सांगितले गेले, त्याला दैव म्हणायचे का? सातारा-सांगलीच्या मुलखात हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी उभा राहतो, आणि पंचनाम्याच्या गडबडीत दर वेळी मागे पडतो.

पंचांगाकडे याचे उत्तर नाही. पंचांगातली पावसाची नक्षत्रे मृगापासून निघतात आणि स्वातीपर्यंत जातात; प्रत्येकाला बेडूक, म्हैस, मोर, गाढव असे वाहन असते आणि त्यावरून पाऊसमान सांगितले जाते. मार्गशीर्षातल्या पावसाला वाहनच नाही. तो हिशेबाबाहेरचा, म्हणून तर अवकाळी. सांगलीला लागून असलेल्या हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेत फरांडे बाबांची भाकणूक होते. भंडाऱ्याच्या पिवळ्या धुरळ्यात हजारो माणसे पीकपाणी, पाऊस, राजकारण यांचे बोल कान देऊन ऐकतात. ती मोडीत काढायचे कारण नाही; त्या बोलांनी माणसांना वर्षभराचा धीर मिळतो. मात्र भाकणुकीचा आणि अंदाजाचा स्वभाव वेगळा. भाकणूक फसली तर दोष तिचा अर्थ लावणाऱ्याच्या माथी जातो, देवाचा बोल अबाधित राहतो. अंदाज फसला तर खात्याची अब्रू दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात निघते. हवामान खाते ‘तुरळक ठिकाणी’ म्हणते तेव्हा त्या विभागातल्या जास्तीत जास्त चौथा हिस्सा केंद्रांवर पाऊस पडेल असे त्याला म्हणायचे असते. म्हणजे आपण कितपत ठामपणे बोलतो आहोत हेही ते बोलण्यातच सांगून टाकते, आणि दुसऱ्या दिवशी पर्जन्यमापकाने ते ताडून पाहता येते.

साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा ज्योतिषाशी वाद या ताडून पाहण्यावरूनच होता. जयंत नारळीकरांसह त्यांनी पुण्यात एक चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून ज्योतिषांना ओळखायला दिल्या. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली, आणि निकाल नाणे उडवून लागला असता त्यापेक्षा सरस निघाला नाही.

विज्ञान आले आणि दैव गेले, असा निष्कर्ष इथे काढता आला असता तर बरे झाले असते. हवामान अंदाजाचा इतिहास तसे सांगत नाही. त्याचा जनक रॉबर्ट फिट्झरॉय हा अतिशय भाविक ख्रिस्ती माणूस. डार्विनला घेऊन जगभर फिरलेल्या ‘बीगल’ जहाजाचा हा कप्तान. ऑक्टोबर १८५९ मध्ये, शरदातल्याच एका वादळात, ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटले आणि चारशेहून अधिक माणसे बुडाली. त्या धक्क्यातून फिट्झरॉयने तारायंत्राच्या जोरावर १८६१ मध्ये बंदरांना वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली. मधल्या वर्षी, १८६० मध्ये, शास्त्रज्ञांच्या ऑक्सफर्डमधल्या गाजलेल्या अधिवेशनात तो वादळांवर निबंध वाचायला आला होता. डार्विनच्या सिद्धांतावर चर्चा पेटली तेव्हा बायबल उंच धरून ‘माणसावर नव्हे, देवावर विश्वास ठेवा’ असे विनवणाराही तोच. देवाच्या इच्छेत ढवळाढवळ करतो आहोत असे त्याला वाटले नसावे. वादळ देवाचे, ते येते आहे हे खलाशाला कळवणे माणसाचे. १८६५ मध्ये त्याने आत्महत्या केली. पुढच्या वर्षी शास्त्रज्ञांच्या समितीने, पाया पुरेसा शास्त्रीय नाही म्हणून, इशारे बंद केले. ते पुन्हा सुरू करावे लागले ते बंदरांवरच्या माणसांच्या मागणीमुळे. चुकणारा का होईना, पण इशारा त्यांना हवा होता.

आपल्याकडेही कथा फार निराळी नाही. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यावर चक्रीवादळ आले, पुढच्या वर्षी त्या बंदरासाठी इशाऱ्यांची सोय झाली, आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते उभे राहिले. शिमल्याहून त्याचे मुख्यालय १९२८ मध्ये पुण्याला आले. जुने पुणेकर त्या इमारतीला अजून शिमला ऑफिस म्हणतात.

आता गीतेकडे. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. बागेला लावून पाहिले तर जमीन-वेल, बागाईतदार, ट्रॅक्टर-फवारणी यंत्र, त्याची रात्रंदिवसाची धडपड, आणि मग उरलेले ते. त्या पाचव्याचा अर्थ शंकराचार्यांनी नशीब असा घेतला नाही. इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या सूर्यादी देवता असा घेतला. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिताना वेगळी वाट धरली. त्यांच्या मांडणीत दैव म्हणजे माणसाच्या ताब्यात नसलेले आणि त्याला नीट न कळलेले सृष्टीचे व्यापार.

ताब्यात नसलेले आणि न कळलेले. हजारो वर्षे ही जोडी एकत्र नांदली, म्हणून एका शब्दात भागले. बावट्याने ती जोडी फोडली. वारा येतो आहे हे कळते, पण थांबवता येत नाही. ज्या जागेत पूर्वी नुसते दैव होते, तिथे आता तिसरेच काही आहे: कळलेले, पण रोखता न येणारे. त्याला दैव म्हटले तर इशारा पोचवणारे, न पोचवणारे, साधने देणारे, न देणारे सगळे सुटतात. त्याला शेतकऱ्याची चूक म्हटले, ‘आधीच सांगितले होते ना?’ असे म्हटले, तर ते त्याहून वाईट.

१ आणि २ डिसेंबर २०२१ हे दोन दिवस आठवावेत. अरबी समुद्रातल्या हालचालींमुळे राज्यभर अवकाळी पाऊस आणि बोचरा वारा सुटला. सांगलीच्या द्राक्षबागांना तडाखा बसलाच, पण पुणे आणि नगर जिल्ह्यांत रानात वाड्यासह उतरलेल्या मेंढपाळांच्या शेकडो मेंढ्या एका रात्रीत गारठून मेल्या. पावसाचा इशारा होता. दिवाळीनंतर कळप घेऊन गावोगाव हिंडणाऱ्या धनगराला तो मिळाला असता तरी त्याने कळप न्यायचा कुठे? उघड्या रानात वाघूर (जाळे) लावून बसवलेल्या मेंढरांना छप्पर नसते. माण, खटाव, आटपाडी, जतच्या ज्या घरांतून असे कळप बाहेर पडतात, त्यांच्यासाठी ही दूरची बातमी नव्हती. मार्गशीर्ष लागला की म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो. गेलेली मेंढरे देवाने नेली असे तिथे कुणी म्हणाले तर त्याच्या श्रद्धेला हसू नये. पण तेच वाक्य पशुसंवर्धन खात्याच्या अहवालात उतरले तर मात्र आक्षेप घ्यावा.

ओखीचे तेच. २९ नोव्हेंबरला कमी दाबाचे क्षेत्र तीव्र झाले, ३० तारखेला वादळ झाले. तोवर केरळ-तमिळनाडूच्या बोटी खोल समुद्रात गेलेल्या होत्या. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरपुढे मोबाइल चालत नाही. इशारा निघाला, पण ज्याच्यासाठी निघाला त्याच्यापर्यंत गेला नाही, आणि शेकडो माणसे परतली नाहीत. काही बोटी वाऱ्याने ढकलत देवगडला लागल्या. पुढे २०१९ मध्ये उपग्रहावरून खोल समुद्रात संदेश देणारे ‘जेमिनी’ उपकरण आले. ज्याला दोन वर्षांपूर्वी दैव म्हटले होते, त्यातला केवढा तरी भाग न बसवलेले एक यंत्र होते, हे तेव्हा सिद्ध झाले.

अंदाजाची किंमत कोण मोजतो, हेही पाहण्यासारखे आहे. कोयनेच्या वर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांचे रान आहे. (खाली चाफळ, माजगाव, उंब्रज, मसूर इथे समर्थांनी स्थापलेले मारुती. वायुपुत्राच्या डोक्यावर वाऱ्याची वीज, हा योगायोग समर्थांना आवडला असता. प्रयत्नाला देवाच्या पंगतीला बसवणारा तो संत होता.) राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार वाऱ्याच्या विजेचा अंदाज दिवसाच्या ९६ तुकड्यांत, म्हणजे दर पंधरा मिनिटांचा, आधी कळवावा लागतो आणि पंधरा टक्क्यांहून अधिक चुकला तर पैसे भरावे लागतात. पठारावर चुकीच्या अंदाजाला दंड आहे. तासगावच्या बागेत अंदाज बरोबर ठरला तरी दंड आहे, आणि तो बागाईतदारच भरतो. हवामानावर आधारित फळपीक विम्याचे पैसे मिळतात ते महसूल मंडळातल्या केंद्राच्या नोंदीवर. तुमच्या शिवारात सर आली आणि केंद्रावर आली नाही, तर कागदोपत्री पाऊसच नाही.

आणि तरी दैव संपत नाही, हे कबूल करायला हवे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे चौथ्या हिश्श्यावर. पण तो चौथा हिस्सा कुणाचा? एका बांधावर पाऊस, पलीकडच्या बांधावर कोरडे. शेजाऱ्याची बाग तरली आणि माझी गेली, असे का, हा शेतकऱ्याचा प्रश्न कोणतेही पत्रक सोडवत नाही. संभाव्यतेचे गणित मंडळाचे सांगते, वेलीचे नाही. महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो की दैव मोठे की पुरुषार्थ. उत्तरात शेत हा पुरुषार्थ आणि बी हे दैव, असे सांगितले आहे. एकाशिवाय दुसरे फळत नाही. हा उरलेला अंश देवाच्या नावे टाकायचा की योगायोगाच्या, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण त्या शब्दाला जागा द्यायची ती बाकीचा हिशेब झाल्यावर, आधी नव्हे.

तो हिशेब कागदावर आणायला फार मोठे काही लागणार नाही. अवकाळीनंतर गावात पंचनाम्याला माणसे येतात आणि गट नंबर, क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी भरून जातात. त्या कागदावर आणखी दोन रकाने छापावेत: इशारा केव्हा मिळाला, आणि मिळाल्यावर करता येण्यासारखे काय हाताशी होते. बाग झाकायला कापड होते का, मेंढरांना आडोसा होता का, फवारणीला वीज होती का. येत्या ग्रामसभेत सांगली-साताऱ्यातल्या एखाद्या गावाने हा ठराव मांडून पाहावा.