शक्यता नाकारता येत नाही

डेव्हिड अ‍ॅटली फिलिप्स १९७५ साली सीआयएमधून मुदतीआधीच निवृत्त झाले. ते पश्चिम गोलार्ध विभागाचे प्रमुख होते; सगळी लॅटिन अमेरिका त्यांच्या हाताखाली होती. पंचवीस वर्षे ज्यांनी आपला खरा व्यवसाय शेजारीपाजारी कुणाला कळू दिला नव्हता, त्यांनी आता पत्रकार परिषद घेऊन उघडपणे आपली ओळख सांगितली आणि जुन्या सहकाऱ्यांची एक संघटना काढली. नाव ठेवले ‘असोसिएशन ऑफ रिटायर्ड इंटेलिजन्स ऑफिसर्स’. १९७८ मध्ये त्यातला ‘रिटायर्ड’ हा शब्द जाऊन ‘फॉर्मर’ आला. निवृत्तांबरोबर मधूनच नोकरी सोडलेल्यांनाही दार उघडे झाले. हेतू मात्र तोच राहिला: गुप्तचरांचे काम काय असते, ते का लागते, हे सामान्य नागरिकाला समजले पाहिजे.

आज हे वाक्य साधे वाटते. १९७५ साली ते जवळजवळ उलट्या गंगेसारखे होते. हेरांनी लोकांना समजावून सांगायचे? ज्या कामाचा पहिला नियमच न बोलणे हा, त्या कामाची माणसे व्यासपीठावर येणार? ही कल्पना कुठून आली, पन्नास वर्षांत तिचे काय झाले आणि ती आपल्यापर्यंत का पोहोचली नाही, हे मला बरेच दिवस लिहायचे होते.

राजेशाहीत हा प्रश्नच नव्हता. बहिर्जी नाईकांनी आणलेली खबर महाराजांच्या कानापर्यंत गेली की काम संपले. रयतेने बहिर्जींना ओळखण्याचे कारण नव्हते. ओळखले असते तर घातच झाला असता. खबर आणणारा आणि ती ऐकणारा एवढ्या दोघांतच तो व्यवहार पुरा होई. लोकशाहीत ऐकणारा बदलतो. खबर पंतप्रधान किंवा राष्ट्राध्यक्ष ऐकतो, पण त्याला खुर्चीवर बसवणारा आणि उतरवणारा नागरिक असतो. पैसा त्याचा, आणि चूक झाली तर मरणाराही तोच. अमेरिकेने १९४७ मध्ये कायदा करून सीआयए उभारली तेव्हा हा बदल कागदावर झाला, मनात झाला नाही. १९५२ मध्ये संदेश टिपून फोडणारी राष्ट्रीय सुरक्षा संस्था स्थापन झाली, ती राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या एका गुप्त आदेशाने. पुढे कित्येक वर्षे तिचे नावही सरकार उघड घेत नसे.

हे मौन २२ डिसेंबर १९७४ रोजी मोडले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये सेमूर हर्श यांची बातमी आली की युद्धविरोधी चळवळीतल्या अमेरिकन नागरिकांवरच सीआयएने पाळत ठेवली होती. मग पाठोपाठ रॉकफेलर आयोग, सिनेटची फ्रँक चर्च समिती आणि प्रतिनिधीगृहाची ओटिस पाइक समिती बसली. लोकांची टपालातली पत्रे वर्षानुवर्षे फोडली गेली होती, क्यूबाचे नेते कॅस्ट्रो यांना मारण्याचे कट शिजले होते, माणसांवर त्यांच्या नकळत एलएसडीचे प्रयोग झाले होते. एकेक प्रकरण बाहेर आले. १९७५ मध्येच फिलिप एजी या माजी अधिकाऱ्याचे पुस्तक आले आणि त्यात अनेकांची नावे छापली गेली. २३ डिसेंबर १९७५ रोजी सीआयएचे अथेन्समधील प्रमुख रिचर्ड वेल्श यांना घरासमोर गोळ्या घातल्या गेल्या. त्यांचे नाव त्याआधी छापून आले होते. पण ते राहत होते ते घर त्यांच्या आधीच्या प्रमुखांचेही होते आणि ते अनेकांना ठाऊक होते, हेही तितकेच खरे. फिलिप्स यांच्या संघटनेची सुरुवात या काळातली. अपमान, भीती आणि दुःख या तिन्हींनी मिळून तिला घडवले.

मराठीत ‘समज’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. समज म्हणजे आकलन. समज म्हणजे मनाशी धरलेली, कदाचित चुकीची, धारणा. आणि पोलीस एखाद्याला ‘समज देऊन सोडतात’ तेव्हा समज म्हणजे ताकीद. माजी हेरांच्या या संघटनेला आरंभी दुसऱ्या अर्थाच्या समजाशी लढायचे होते. आम्ही खुनी नाही, देशभक्त आहोत, आमच्याविषयीचा गैरसमज दूर करा, हे तिचे म्हणणे. गुप्त अधिकाऱ्यांची ओळख जाणूनबुजून फोडणे गुन्हा ठरवणारा कायदा १९८२ मध्ये झाला, त्याला तिचा भक्कम पाठिंबा होता. मला ही भूमिका कळते. सहकारी मारला गेल्यावर माणूस आधी आपल्यांच्या बाजूने उभा राहणारच. पण गैरसमज दूर झाला म्हणजे आकलन झाले, असे होत नाही. सहानुभूती मिळवणे आणि समजावून सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत.

शिवाय सांगणारा कोण, हा प्रश्न राहतोच. १९५४ मध्ये ग्वाटेमालाचे निवडून आलेले सरकार उलथवण्यासाठी सीआयएने एक बनावट नभोवाणी केंद्र चालवले. आपण देशातल्याच जंगलातून बंडखोरांच्या बाजूने बोलत आहोत, असे ते श्रोत्यांना भासवत होते. प्रत्यक्षात प्रक्षेपण सीमेपलीकडून होई. त्या प्रचारामागचे एक प्रमुख डोके फिलिप्स यांचे होते. १९७० मध्ये चिलीत आयेंदे यांना सत्तेवर येऊ न देण्याची जी खटपट झाली, तिच्या कार्यदलाचे प्रमुखही तेच. म्हणजे लोकांना सत्य समजावू पाहणारा माणूस स्वतः त्या इतिहासातला एक पक्षकार होता. म्हणून त्यांचे ऐकू नये, असे मी म्हणणार नाही. शस्त्रक्रियेबद्दल शल्यविशारदाइतके दुसऱ्या कुणाला माहीत असणार? पण त्याच्या हातून दगावलेल्या रुग्णाबद्दल तो काय सांगतो, त्यावर माझा विश्वास ठरेल.

या कसोटीला उतरणारा माणूस मला फिलिप्स यांच्या आधीच्या पिढीत सापडतो. शर्मन केंट हे येल विद्यापीठात इतिहास शिकवत. युद्धकाळात ते गुप्तवार्तेच्या विश्लेषणात आले आणि पुढे सीआयएच्या अंदाज मंडळाचे प्रमुख झाले. गुप्तचर खात्याचे खरे काम खबर मिळवण्यापाशी संपत नाही, अर्धवट माहितीवरून पुढचा अंदाज बांधणे हे ते काम, असा त्यांचा आग्रह. आपल्या राज्याच्या खात्याचे नाव ‘राज्य गुप्तवार्ता विभाग’ असे आहे. त्या नावात गुप्तता आहे, वार्ता आहे. अनुमान मात्र नाही. आणि नेमके अनुमानातच सगळे अडते.

मार्च १९५१ मध्ये केंट यांच्या मंडळाने एक अंदाज लिहिला: यंदा युगोस्लाव्हियावर सोव्हिएत गटाकडून हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ मानावी. काही दिवसांनी परराष्ट्र खात्यातल्या एका वरिष्ठाने केंट यांना विचारले, गंभीर म्हणजे किती? केंट म्हणाले, माझ्या मते पासष्टला पस्तीस, हल्ला होण्याच्या बाजूने. तो गृहस्थ दचकला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या शब्दांतून फारच कमी शक्यता वाचली होती. केंट अस्वस्थ झाले. त्यांनी मसुद्याला संमती दिलेल्या आपल्याच सहकाऱ्यांना एकेक करून तोच प्रश्न विचारला. एकाच्या मनात वीसला ऐंशी होते, दुसऱ्याच्या मनात ऐंशीला वीस. सगळ्यांनी एकाच वाक्यावर सही केली होती आणि प्रत्येकाने वेगळे भविष्य पाहिले होते. हल्ला त्या वर्षी झाला नाही, पुढेही झाला नाही.

ही गोष्ट केंट यांनी १९६४ मध्ये खात्याच्या अंतर्गत नियतकालिकात लिहिली आणि शब्दांना आकडे जोडण्याची पद्धत सुचवली. ‘जवळजवळ नक्की’ म्हणजे सुमारे ९३ टक्के, ‘संभवनीय’ म्हणजे सुमारे ७५, अशी. त्याच वर्षी त्यांनी आणखी एका चुकीबद्दल लिहिले. १९ सप्टेंबर १९६२ च्या अंदाजात त्यांच्या मंडळाने म्हटले होते की सोव्हिएत संघ क्यूबात आक्रमक क्षेपणास्त्रे ठेवण्याचा संभव कमी. २५ दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, यू-२ विमानाने त्या क्षेपणास्त्रांची छायाचित्रे घेतली. खुद्द संचालक जॉन मॅकोन यांना आधीपासून शंका होती. मंडळाने ती मानली नव्हती. केंट यांच्या लेखाचा सूर असा, की आमचा तर्क ठीक होता, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह अविचाराने वागले. इथे ते थोडे स्वतःला वाचवतात, असे मला वाटते. शत्रूने आपल्या तर्काप्रमाणे वागले पाहिजे हा त्यातला आडाखाच मूळ चूक आहे. तरीही खात्याच्या भिंतीआड का होईना, एका प्रमुखाने आपला चुकलेला अंदाज टेबलावर ठेवून त्याची चिरफाड केली. ते लेख कालांतराने लोकांसाठी खुले झाले आणि आज विद्यापीठांत शिकवले जातात. माझ्या लेखी सार्वजनिक आकलनाचा पाया फिलिप्स यांच्या पत्रकार परिषदेत जेवढा आहे, त्याहून अधिक या दोन लेखांत आहे.

शीतयुद्ध संपल्यावर बरेच दरवाजे उघडले. हेरगिरीचे उपग्रह चालवणाऱ्या संस्थेचे अस्तित्व १९९२ मध्ये मान्य झाले, त्या उपग्रहांनी साठच्या दशकात काढलेली लाखो छायाचित्रे १९९५ पासून खुली झाली, आणि गुप्तचर यंत्रणांवर होणारा एकूण खर्च १९९७ मध्ये पहिल्यांदा सांगितला गेला: २६.६ अब्ज डॉलर. तोही एका नागरिकाने न्यायालयात धाव घेतल्यावर. माजी अधिकाऱ्यांची संघटनाही या काळात बदलत गेली. ‘इंटेलिजन्सर’ हे तिचे नियतकालिक अभ्यासाचे झाले, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या सुरू झाल्या, आणि २०१६ मध्ये तिने हा विषय शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी एक जाडजूड मार्गदर्शक ग्रंथ काढला. ‘आम्हाला समजून घ्या’पासून ‘हा विषय समजून घ्या’पर्यंतचा हा प्रवास मला मनापासून मोलाचा वाटतो.

पण त्याच वेळी दुसरी एक वाट फुटली. ऑक्टोबर २००२ च्या अंदाजात इराककडे रासायनिक आणि जैविक अस्त्रे आहेत, असे ठामपणे लिहिले गेले. अणुकार्यक्रमाबाबत परराष्ट्र खात्याच्या विश्लेषकांनी भिन्नमत नोंदवले होते, ते लोकांपर्यंत तेव्हा पोहोचले नाही. जानेवारी २००३ मध्ये काही माजी विश्लेषकांनी वेगळा गट बांधला आणि ५ फेब्रुवारीला, परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांचे इराकविषयीचे संयुक्त राष्ट्रांतले भाषण झाले त्याच दिवशी, राष्ट्राध्यक्षांना जाहीर पत्र लिहून युद्धाच्या परिणामांबद्दल सावध केले. म्हणजे आता ‘समज’ तिसऱ्या अर्थाने आली: माजी माणसांनी आपल्या सरकारला दिलेली ताकीद. युद्ध झाले, अस्त्रे सापडली नाहीत.

ताकीद देण्याचे बळ कुठून येते? आपण आत होतो, या एका गोष्टीतून. ते बळ किती लवकर खर्ची पडते, हे ऑक्टोबर २०२० मध्ये दिसले. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर असताना ५१ माजी गुप्तचर अधिकाऱ्यांनी पत्र काढले, की एका उमेदवाराचे पुत्र हंटर बायडन यांच्या म्हणून फिरणाऱ्या ईमेलमागे रशियाचा हात असावा असे आम्हाला वाटते. पुरावा नाही, असे त्यांनी त्याच पत्रात लिहिले होते. प्रचारात मात्र संशय तेवढा राहिला आणि पुरावा नसल्याची कबुली गळून पडली. पुढे त्यातले बरेच ईमेल अस्सल असल्याची खातरजमा मोठ्या वृत्तपत्रांनी केली. जानेवारी २०२५ मध्ये सत्तेवर परतताच डोनाल्ड ट्रम्प यांनी सह्या करणाऱ्यांच्या गोपनीय माहिती पाहण्याच्या परवानग्या काढून घेतल्या. ती सूडबुद्धी मला मान्य नाही. पण केंट यांचा धडा त्या ५१ जणांनी सर्वांत आधी आठवायला हवा होता. ‘असावा’ या क्रियापदात किती टक्के दडले आहेत, हे वाचणाऱ्याला कळले नाही.

आपल्याकडे ही चर्चा सुरूच होत नाही. इंटेलिजन्स ब्युरोचे मूळ १८८७ पर्यंत जाते, ‘रॉ’ १९६८ मध्ये झाली. दोहोंच्या स्थापनेमागे संसदेचा कायदा नाही. माहिती अधिकाराच्या कलम २४ ने त्यांना बहुतांशी वगळले आहे. मे २०२१ मध्ये केंद्राने निवृत्तिवेतनाचे नियम बदलले: अशा संस्थांतून निवृत्त झालेल्याने आपल्या कामाशी संबंधित काही प्रसिद्ध करायचे तर पूर्वपरवानगी हवी. अमेरिकेतही परवानगी लागते, आणि ती न घेता व्हिएतनामवर पुस्तक लिहिणाऱ्या फ्रँक स्नेप यांची सारी कमाई १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारजमा केली. पण तिथे परवानगी मिळवून दरवर्षी पुस्तके येतात. आपल्याकडे ‘रॉ’चे माजी अधिकारी बी. रामन यांच्यासारखी लिहिणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी.

नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर मुंबईत प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होते: आधी कळवले होते म्हणे. समुद्रमार्गाचे, हॉटेलांचे इशारे खरेच आले होते. चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीत दोनच सदस्य होते. स्वतः प्रधान, आणि महाराष्ट्र पोलीस दलातून ‘रॉ’मध्ये गेलेले व्ही. बालचंद्रन. बालचंद्रन यांनी नंतर या विषयावर पुस्तके लिहिली, लेख लिहिले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कारण इशारा होता की नव्हता, एवढ्यावर सगळा वाद थांबला. असे इशारे महिन्याला किती येतात, त्यातले किती पोकळ निघतात, चाळिसाव्या दिवशीही तोच कागद हाती आल्यावर पोलीस ठाण्यातला माणूस काय करतो, हे विचारण्याइतके शब्दही आपल्याकडे नव्हते.

महाराष्ट्राला व्याख्यानमालांची जुनी परंपरा आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला फिलिप्स यांच्या संघटनेच्या शंभर वर्षे आधी, १८७५ मध्ये, सुरू झाली. आपल्या व्याख्यानमालांत निवृत्त अधिकारी येतात, शौर्याच्या हकिकती सांगतात, सभागृह भारावून जाते. भारावून जावे असेच ते काम असते. मला तिथे उभे राहून एक प्रश्न विचारायचा आहे. वृत्तपत्रांत दर सणाच्या आधी छापून येणारे ते वाक्य, ‘घातपाताची शक्यता नाकारता येत नाही’, ज्यांनी कधीतरी टिपणात खरोखर लिहिले असेल अशा कुणाला: साहेब, तुम्ही ते लिहिलेत तेव्हा तुमच्या मनात आकडा किती होता?