आधी विचार, कुठे उतरणार?

पारनाका, वसई

चि. सोनू,


काल तुझी आई फोनवर म्हणाली, बारावीच्या ‘हॅलोजन डेरिव्हेटिव्हज’ने तू रडकुंडीला आली आहेस. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलीवर ‘न्यूक्लिओफिलिक सब्स्टिट्यूशन’ एकदम येऊन आदळलं की असं होणारच. न्यूक्लिओफाइल म्हणजे केंद्रकस्नेही. त्याच्याकडे इलेक्ट्रॉनची जोडी असते, म्हणून तो धनभाराकडे ओढला जातो. सब्स्टिट्यूशन म्हणजे एकाने उतरायचं आणि दुसऱ्याने त्याच्या जागी बसायचं.

तू रोज विरार लोकलने जातेस. डब्यात शिरल्यावर बायका बसलेलीला पहिला प्रश्न काय विचारतात? ‘कुठे उतरणार?’ प्रत्येक अभिक्रियेत तूही हाच विचार. कार्बनवरून कोण उतरणार? आयोडाइड, ब्रोमाइड सहज उतरतात. फ्लोराइड जागा सोडत नाही. अल्कोहोलमधला ओएच आपणहून उठत नाही. आम्ल घातलं की पाणी होऊन निघतो.

मग नवा कुठून शिरतो? हे पाठ करू नकोस, हाताने बघ. कणकेचा गोळा हा कार्बन. त्यात तीन काड्या आणि एक लवंग टोच. लवंग म्हणजे ब्रोमीन. आता लवंगेच्या बरोबर मागून नवी काडी घाल. सरळ आत जाते, तसंच मिथिल ब्रोमाइडचं होतं. हायड्रॉक्साइड आत येतो तसा ब्रोमाइड बाहेर पडतो, एका दमात, आणि उरलेल्या तीन काड्या पलीकडे कलतात. हा एसएन२. आता त्या तीन काड्यांच्या टोकांना कणकेचे मोठे गोळे लाव. मागे बोटच पोचत नाही ना? हा टर्शरी ब्युटिल ब्रोमाइड. इथे ब्रोमाइड आधी उतरतो, उरलेला कार्बन सपाट होतो आणि नवा कोणत्याही अंगाने येऊ शकतो. हा एसएन१. वेग ब्रोमाइडच्या उतरण्यावरच ठरतो, म्हणून इथे हायड्रॉक्साइड दुप्पट केला तरी वेग तेवढाच राहतो. मिथिलच्या बाबतीत वेगही दुप्पट होतो.

रीगाच्या पाउल वाल्डेनने १८९६ साली मॅलिक आम्लातल्या ओएचच्या जागी क्लोरीन बसवला, मग तो काढून पुन्हा ओएच आणला. हाती आलं मॅलिक आम्लच, पण ध्रुवित प्रकाशाचं प्रतल उलट्या दिशेला फिरवणारं. काड्या कलल्या होत्या! लंडनच्या ह्यूज आणि इंगोल्ड यांनी त्याचा नीट उलगडा केला तो १९३०च्या दशकात. इतक्या जाणत्यांना इतकी वर्षं लागली, तुला दोन आठवडे लागले तर बिघडलं कुठे?

परीक्षेत छाती धडधडते तेव्हा रक्तात उसळणारं अ‍ॅड्रेनलिनही असंच घडतं: नॉरअ‍ॅड्रेनलिनचा नायट्रोजन मागून येऊन गंधकाला जोडलेल्या मिथिल गटाला धरतो आणि गंधक उतरतो.

एक गोष्ट मात्र पक्की कर. अभिक्रिया वहीत काढताना बाण नेहमी इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून निघतो. मी वर्षभर तो धनभारापासून काढत राहिले, कुणी हटकलं नाही, आणि ते वर्ष घोकंपट्टीत गेलं. तुझं तसं होऊ द्यायचं नाही.

रविवारी वसई रोडला उतरून ये. कणीक मी मळून ठेवते, वही तू आण.

तुझी,
मावशी