कळपामागें गेलेली शाळा

शास्त्रभाग : लूक १५ : ३–७

हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण पुष्कळदां ऐकिला आहे. त्यांतील एक गोष्ट मात्र सहज नजरेआड होते. मेंढपाळ दाराशीं उभा राहून हांका मारीत बसला नाहीं. मेंढरूं जेथें होतें तेथें तो आपल्या पायांनीं चालत गेला, आणि तें सांपडेपर्यंत शोधीत राहिला.

हें आठवण्याचें कारण असें. अक्राणी-अक्कलकुव्याकडील मंडळ्यांत फिरतांना बोधकांच्या तोंडून एकच तक्रार वारंवार कानीं येते कीं, शब्बाथशाळेस मुलें येत नाहींत. एका बंधूनें तर हजेरीचें पुस्तक माझ्यापुढें उघडून धरिलें. मीं विचारिलें, "मुलें कोठें आहेत?" तो म्हणाला, "शेळ्यांमागें, डोंगरावर." "आपण डोंगरावर गेलां होतां काय?" तो उगा राहिला. खरें सांगावयाचें तर मीहि उगा राहिलों. कारण मी तरी त्या डोंगरावर कोठें गेलों होतों?

अशा वेळीं अनुताई वाघ ह्या शिक्षिकेचें चरित्र डोळ्यांपुढें येतें. त्या आपल्या मंडळीपैकीं नव्हत्या, हें आधींच सांगतों. परंतु प्रभूनें शोमरोनी मनुष्याची गोष्ट कोणास ऐकविली, हें आपणांस ठाऊकच आहे.

त्यांचा जन्म १९१० सालीं पुणें जिल्ह्यांतील मोरगांवीं झाला. तेराव्या वर्षीं लग्न झालें आणि सहा महिन्यांत पति वारला. त्या काळीं अशा मुलीच्या वांट्यास घरांतील काळोखा कोपरा येई. ह्या मुलीनें पुस्तक हातीं धरिलें, शिक्षिकेची परीक्षा दिली, नाशिक जिल्ह्यांत चांदवडकडे खेड्यांतील मुलांस शिकविलें, व पुढें पुण्यास हुजूरपागेंत बरींच वर्षें काढिलीं. नोकरी चांगली, शहर चांगलें. तें सर्व सोडून १९४५ सालीं त्या समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं ताराबाई मोडक ह्यांच्या कामास येऊन मिळाल्या.

बोर्डीस बालवाडी उघडली. परंतु गरीब वस्तींतील मुलें तिकडे फिरकेनात. तेव्हां बाईच वस्तींत गेल्या. कोणाच्या अंगणांत, झाडाच्या सावलींत मुलें जमविलीं, आणि त्या शाळेस अंगणवाडी हें नांव पडलें. १९७५ पासून सरकारनें गांवोगांव ज्या अंगणवाड्या काढिल्या, त्यांस आपण ह्याच नांवानें ओळखितों. महाग साधनें तेथें नव्हतीं; खडे, शिंपले, पानें, बिया ह्यांवरच मुलें मोजावयास शिकलीं. अक्षर गिरविण्यापूर्वीं बाई त्यांस न्हाऊं घालीत व त्यांचे केंस विंचरीत. शिष्यांचे पाय धुणाऱ्या गुरूचे अनुयायी म्हणविणाऱ्या आपण हें वाक्य दोनदां वाचावें.

पुढें १९५७ सालीं हें काम डहाणू तालुक्यांतील कोसबादच्या टेकडीवर वारली लोकांमध्यें गेलें. तेथेंहि तीच अडचण, जी आपल्या बोधकाची. मुलें गुरांमागें जात. मोठी बहीण धाकट्यास कडेवर घेऊन घरीं बसे. ह्यावर बाईंनीं आईबापांस दोष दिला नाहीं. धाकट्यांसाठीं पाळणाघर केलें, म्हणजे बहीण मोकळी झाली. गुराख्यांसाठीं कुरणशाळा काढिली. गुरें चरत तेथेंच शिक्षक जाई, आणि गुरांकडे एक डोळा ठेवून मुलें शिकत. दिवसभर राबणाऱ्यांसाठीं रात्रीं शाळा भरे. ताराबाई १९७३ सालीं निवर्तल्या. अनुताई १९९२ सालीं मरेपर्यंत त्या कामास चिकटून राहिल्या. आतां आमचें वय झालें असें म्हणणाऱ्या बोधकांनीं एवढें ऐकावें कीं, ह्या बाई बी. ए. झाल्या त्या १९६१ सालीं, एकावन्नाव्या वर्षीं.

आतां आपल्याकडे पाहूं. मोहाचीं फुलें पडूं लागलीं कीं पहांटेच घरें रिकामीं होतात. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबें ऊसतोडीस गुजरातेंत जातात; लहान मुलें बरोबरच. आणि आपली शब्बाथशाळा रविवारीं सकाळीं, रिकाम्या मंदिरांत, ठरल्या वेळीं भरते! कोणी म्हणेल, देवाचें वचन शेळ्यांच्या लेंड्यांत बसून सांगावें काय? बंधो, तारणाऱ्याच्या जन्माची वार्ता प्रथम ऐकली ती रात्रीं रानांत कळप राखणाऱ्यांनींच ना?

त्या बंधूचें पत्र मागील महिन्यांत आलें. तो बुधवारीं डोंगरावर गेला होता. सात मुलें भेटलीं. पैकीं तिघांचीं नांवें त्याच्या पुस्तकांत नव्हतींच. तो लिहितो कीं हजेरीचें एक पान शेळीनें खाल्लें, सबब नवें पुस्तक पाठवावें. तें पाठविलें आहे.