चिठ्ठी, रुग्ण आणि अमानत

एका आजारावर दोन उपचार प्रचलित आहेत आणि त्यांपैकी अधिक गुणकारी कोणता, हे कोणत्याही डॉक्टरला निश्चित ठाऊक नाही. अशा वेळी कोणाला कोणता उपचार मिळावा हे संगणकाने चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवले, तर तो रुग्णाच्या जिवाशी जुगार ठरतो काय?

कोरोनाच्या साथीत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. मार्च २०२० मध्ये ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली ‘रिकव्हरी’ ही चाचणी सुरू झाली. नेहमीच्या उपचारांना एखाद्या औषधाची जोड द्यावी की नाही, हे संगणक ठरवी. पुढे रुग्ण बरा झाला की दगावला, हे एका छोट्या अर्जावरून आणि सरकारी आरोग्यसेवेच्या संगणकीय नोंदींवरून कळे. त्यामुळे कामाने दबलेल्या रुग्णालयांतही हजारो रुग्णांचा अभ्यास काही महिन्यांत झाला. जूनमध्ये निष्कर्ष आले. जगभर आशेने दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने मृत्यू कमी होत नव्हते. डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने मात्र व्हेंटिलेटरवरील रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले. ज्यांना प्राणवायू द्यावा लागत नव्हता, त्यांना त्याचा लाभ दिसला नाही.

इस्लामने जुगार निषिद्ध ठरवला आहे, तसेच बाणांच्या साहाय्याने कौल घेणेही. परंतु हक्क समान असता पक्षपात टळावा म्हणून चिठ्ठी टाकणे, म्हणजे कुरआ, वेगळा आहे. हजरत मरयम (अ.) यांचे पालकत्व कोणाकडे जावे यासाठी लेखण्या टाकल्या गेल्याचा उल्लेख पवित्र कुरआनात आहे. प्रेषित मुहम्मद (स.) प्रवासास निघताना सोबत कोणत्या पत्नीने यावे, हे कुरआने ठरवीत. कुरआची अट एकच: कोणालाही झुकते माप देण्याचे न्याय्य कारण नसावे. चांगला उपचार ठाऊक असूनही चिठ्ठी टाकणे हा जुलूम होय. आणि ठाऊक नसताना ठाऊक असल्याचा आव आणणे हीदेखील फसवणूकच.

नोंदींचा प्रश्न मात्र याहून नाजूक आहे. दोन्ही उपचार रोजच्या वापरातले असतील, तर रुग्णाला वेगळे विचारावे कशाला, असा युक्तिवाद केला जातो. पण रुग्णाने आपले दुखणे सांगितले ते स्वतःच्या उपचारासाठी. विश्वासाने ठेवलेली वस्तू सत्कार्यासाठी का होईना, न विचारता वापरणारा अमानतदार राहत नाही. ‘रिकव्हरी’तही रुग्णाची, आणि तो शुद्धीवर नसल्यास त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्याची, संमती घेतली जाई. इंग्लंडमध्येच फॅमिली डॉक्टरांकडील नोंदी एकत्र करण्याची ‘केअर डॉट डेटा’ योजना लोकांचा विश्वास न लाभल्याने २०१६ मध्ये बंद करावी लागली. संगणकामुळे काम सोपे झाले, म्हणून परवानगीची गरज संपत नाही.

आपल्यावरही एक कर्तव्य येते. आज आपण निर्धास्तपणे घेतो अशा कित्येक औषधांमागे अनोळखी रुग्णांचा सहभाग आहे. उद्या आपणास कोणी विचारले, तर आपणही विचारावे: डॉक्टरांना खरोखरच उत्तर ठाऊक नाही काय? आमच्या नोंदी कोण पाहणार? मध्येच बाहेर पडता येईल काय? समाधान न झाल्यास नकार हा आपला हक्क आहे. झाल्यास केवळ भीतीपोटी मागे हटू नये.

अल्लाह वैद्यांना आपले अज्ञान मान्य करण्याचे धैर्य देवो आणि आम्हा सर्वांना अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.